तालमींपासून उलटं मोजत जा : सिंफनी कॉन्सर्ट उभी करताना

२२ डिसेंबर १८०८ची रात्र. व्हिएन्नातल्या थिएटर आन डेर वीनमध्ये बेथोवेनने स्वतःच कॉन्सर्ट आयोजित केली होती. पाचवी आणि सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना), एका मासचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीच्या गायनरचनेचे, भाग, एक मोठं गायन आणि शेवटी पियानो, वाद्यवृंद व गायकवृंद यांची फँटसी, असं सगळं एकाच बैठकीत. कार्यक्रम चार तास चालला. हॉल गारठलेला होता. घाईने गोळा केलेल्या वादकांच्या तालमी अपुऱ्या झाल्या होत्या आणि फँटसी तर अगदी शेवटच्या क्षणी लिहून झाली होती. ती वाजवताना वादक चुकले, संगीत थांबवावं लागलं आणि पुन्हा सुरू करावं लागलं.

पुढे दोनशे वर्षं ज्या रचनांवर जगभरचे वाद्यवृंद उभे राहिले, त्या रचना त्या रात्री पहिल्यांदा अशा अवस्थेत लोकांच्या कानावर पडल्या. संगीतात काहीच उणं नव्हतं. उणी पडली ती तालीम.

कॉन्सर्टच्या व्यवस्थापनाबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच. पैसा, हॉल, करार, तिकीटविक्री ही सगळी कामं शेवटी तालमीचे तास राखण्यासाठी असतात. म्हणून नियोजन तारखेपासून पुढे करू नका, तालमींपासून उलटं करा. खालचा क्रम ५०-६० वादकांची सिंफनी कॉन्सर्ट पहिल्यांदाच उभी करणाऱ्यांसाठी आहे. चार वादकांच्या छोट्या (चेंबर) मैफलीलाही तो लागू पडतो, फक्त आकडे लहान होतात.

तूट कोण सोसणार, हे आधी ठरवा

पहिला प्रश्न संगीताचा नाही. नुकसान झालं तर कुणाच्या खिशातून जाणार, हा आहे. आधुनिक कॉन्सर्टच्या इतिहासात याची चार-पाच उत्तरं मिळतात आणि आजही त्यांतलंच एखादं निवडावं लागतं.

व्हायोलिनवादक आणि आयोजक योहान पेटर सालोमोनने १७९१मध्ये संगीतकार हायडनला लंडनला आणलं ते स्वतःच्या जोखमीवर. नफा झाला तर त्याचा, बुडाला तरी तोच. १८१३मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीत संगीतकारांनी एकत्र येऊन संस्था काढली. १८४२पासून व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक स्वतःचा कारभार स्वतःच पाहतात. १८८१मध्ये बोस्टनला हेन्री ली हिगिन्सन या एका धनिकाने वाद्यवृंद स्थापन केला आणि दरवर्षीची तूट स्वतः भरून काढली. लंडनच्या प्रॉम्स मैफली १९२७मध्ये बीबीसीने हाती घेतल्या, म्हणजे सार्वजनिक प्रसारणाचा पैसा त्यात आला.

तिकिटांतून सगळा खर्च निघेल अशी आशा धरू नका. १९६६मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी यामागचं कारण मांडलं. कारखान्यात यंत्रं सुधारतात आणि कमी माणसांत जास्त माल निघतो. पण चार जणांची रचना आजही चार जणांनीच, तेवढ्याच मिनिटांत वाजवावी लागते. इतर क्षेत्रांत पगार वाढतात तसे वादकांचेही वाढणारच, उत्पादन मात्र वाढत नाही. म्हणजे तूट ही दरवेळी व्यवस्थापकाची चूक नसते, ती या कलेच्या घडणीतच आहे. बेथोवेनच्या १८२४च्या कॉन्सर्टची, म्हणजे नवव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाची, जमा सुमारे २२०० फ्लोरिन होती आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती ४२०च्या आसपास उरले, असं सांगितलं जातं. हॉल भरलेला होता, तरीही.

तेव्हा अंदाजपत्रकात सर्वांत आधी तुटीचा आकडा लिहा आणि त्यापुढे तो भरून देणाऱ्याचं नाव. हे नाव कोरं ठेवून पुढे गेलात, तर कपात कुठे होते ते ठरलेलं आहे. हॉलचं भाडं कमी होत नाही, एकल वादकाची फी कमी होत नाही. एक तालीम मात्र सहज उडवता येते.

कार्यक्रम निवडताना मिनिटं मोजा आणि माणसंही

रूढ आराखडा साधा आहे. दहा मिनिटांचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, तीस-पस्तीस मिनिटांचा कॉन्चेर्टो, वीस मिनिटांचं मध्यंतर, मग पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांची सिंफनी. प्रत्यक्ष संगीत ७५ ते ९० मिनिटं. हा आराखडा मोडायला हरकत नाही. मोडलात तर मिनिटं पुन्हा मोजा, कारण प्रत्येक वाढीव मिनिटाला तालमीत कित्येक मिनिटं द्यावी लागतात.

आता माणसं. स्कोअरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेल्या प्रतीच्या, सुरुवातीला वाद्यांची यादी असते. व्यवस्थापक ती आकड्यांत लिहितात : २-२-२-२, ४-२-३-१. पहिले चार आकडे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसूनचे. पुढचे चार हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबाचे. मग टिंपनी, तालवाद्यं, हार्प आणि तंतुवाद्यं. कार्यक्रमातल्या प्रत्येक रचनेची ही ओळ एकाखाली एक लिहून काढा. एवढं पाऊण तासाचं काम पुढचे कित्येक घोळ टाळतं.

बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीचंच पाहा. तिच्यात पिकोलो, काँट्राबसून आणि तीन ट्रॉम्बोन फक्त शेवटच्या भागात येतात. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही ट्रॉम्बोन शेवटच्या भागापर्यंत गप्प असतात. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबाला केवळ दुसऱ्या भागात मोजके स्वर आहेत आणि झांज संपूर्ण सिंफनीत एकदाच वाजते. त्या एका आघातासाठीही माणूस लागतोच. त्याची फी, प्रवास आणि तालमीतली वेळ ठरवावीच लागते. म्हणून ट्रॉम्बोनचे तीन वादक बोलावणार असाल, तर त्याच संध्याकाळी त्यांना आणखी काम देणारं ओव्हर्चर निवडा. दोन रचनांमधून कोणती घ्यायची असा पेच पडला, तर ही यादीच बहुतेक वेळा उत्तर देते. त्या उत्तराला कुणी हिशेबी म्हणू नये, कारण इथे वाचलेला पैसा तालमीत जातो.

हक्क आणि पार्ट्स

१८४७मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बूर्जे नावाच्या गीतकाराने बिल द्यायला नकार दिला. माझी रचना तुम्ही फुकट वाजवता, मग मी तुमच्या पेयाचे पैसे का देऊ, असं त्याचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला आणि १८५१मध्ये त्यातून सासेम ही रचनाकारांची वसुली संस्था उभी राहिली. १८८६च्या बर्न करारानंतर हा विचार देशोदेशीच्या कायद्यांत उतरला. आज बहुतेक देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० किंवा ७० वर्षं हक्क टिकतो.

तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा : जाहीर वादनाचा परवाना आणि छापील पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वादकाच्या वाट्याचं संगीत लिहिलेली पानं, मिळण्याची सोय. हक्क असलेल्या मोठ्या रचनांचे पार्ट्स बहुधा विकत मिळत नाहीत, प्रकाशकाकडून ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्यावे लागतात. मूळ रचना मुक्त असली तरी तिची नवी संपादित आवृत्ती, रूपांतर किंवा गीतांचा अनुवाद यांवर स्वतंत्र हक्क असू शकतो. रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपणाची परवानगी आणखी वेगळी.

पार्ट्सच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. कंडक्टरचा स्कोअर एका आवृत्तीचा आणि वादकांचे पार्ट्स दुसऱ्या आवृत्तीचे. जागा पटकन सापडाव्यात म्हणून पानांवर अक्षरं छापलेली असतात. तालमीत कंडक्टर म्हणतो, ‘एच अक्षरापासून’, आणि वादकांच्या पानावर एच असतो भलतीकडे. दरवेळी दोन मिनिटं शोधाशोध होते आणि तीन तासांत असं वीसदा घडलं की तालमीचा मोठा तुकडा गेलाच. म्हणून ग्रंथपालाने, म्हणजे वाद्यवृंदाचे पार्ट्स सांभाळणाऱ्या माणसाने, दोन्ही समोरासमोर ठेवून मापांचे (तालाच्या छोट्या विभागांचे) क्रमांक आणि अक्षरं जुळवून घ्यावीत.

तंतुवाद्यांच्या पार्ट्सवर गज कुठे वर आणि कुठे खाली, याच्या खुणा आधी व्हायला हव्यात. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवादकांचा प्रमुख, पहिल्या व्हायोलिनच्या खुणा ठरवतो, त्यावरून दुसरं व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बेस यांचे प्रमुख आपापल्या जुळवतात, मग ग्रंथपाल त्या सगळ्या प्रतींवर उतरवतो. खुणा मऊ पेन्सिलनेच. हे सारं होऊन पार्ट्स पहिल्या तालमीच्या तीन-चार आठवडे आधी वादकांच्या हातात पडले पाहिजेत. पन्नास माणसांचा वेळ खर्चून वाचन शिकायचं नसतं, ते घरी एकट्याने करायचं काम आहे.

तालमींचं वेळापत्रक

नवव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाआधी पूर्ण वाद्यवृंदासह फक्त दोन तालमी झाल्या होत्या. त्यानंतर नव्वदहून कमी वर्षांत, १९१३मध्ये, पॅरिसला स्त्राविन्स्कीच्या गाजलेल्या बॅलेसाठी कंडक्टर पिएर मोंतूने वाद्यवृंदाच्या १७ तालमी घेतल्या. पहिल्या रात्री प्रेक्षागृहात प्रचंड गोंधळ माजला, पण वादक शेवटपर्यंत वाजवत राहिले. मला यात १७ या आकड्याचं मोल दिसतं. कानठळ्या बसवणाऱ्या आरडाओरड्यातही हात थांबत नाहीत, ते तयारी मुरलेली असते म्हणून.

१९१८मध्ये संगीतकार शोनबर्गने व्हिएन्नात खासगी सादरीकरणाची एक संस्था काढली. तिथे नव्या रचना पूर्ण तयार झाल्याशिवाय सादर होत नसत, त्या पुन्हा पुन्हा ऐकवल्या जात, कार्यक्रम आधी जाहीर होत नसे आणि टाळ्या वाजवायला मनाई होती. पैशाअभावी मोठ्या रचना पियानोवर किंवा लहान वृंदासाठी बसवल्या जात. तालीम मात्र कमी केली जात नसे. खर्च कुठे तोडायचा आणि कुठे नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. पन्नास वादक आणि एक तालीम परवडत असेल, तर पंचवीस वादक आणि तीन तालमी घ्या, आणि रचना तशी निवडा.

रचना ओळखीच्या असतील, तर व्यावसायिक वाद्यवृंदाला अडीच-तीन तासांच्या तीन ते चार बैठका लागतात. हौशी वाद्यवृंदाला आठवड्याला एक याप्रमाणे आठ-दहा. वेळापत्रक लिहिताना या गोष्टी पाहा :

- ज्या रचनेला सर्वांत जास्त वादक लागतात ती बैठकीत आधी घ्या. मग ट्रॉम्बोन, हार्प, जादा तालवाद्यं यांना मोकळं करता येतं.
- पहिल्या बैठकीत एकदा सरळ वाजवून घ्या, पुढच्या बैठकांत अवघड जागाच घ्या. सुंदर वाजणारी जागा पुन्हा वाजवायचा मोह सगळ्यांना होतो. तिला तालमीची गरज नसते.
- तंतुवाद्यांची एक आणि फुंकवाद्यांची एक वेगळी बैठक, वेगवेगळ्या खोल्यांत पण एकाच वेळी.
- एकल वादकाला बोलावण्याआधी वाद्यवृंदाचा भाग एकट्याने वाजवून झालेला असावा. त्याआधी कंडक्टर आणि एकल वादक यांनी पियानोजवळ बसून लय व थांबे ठरवून घ्यावेत.
- पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी घड्याळ लावून. ओठांनी वाजवणाऱ्यांसाठी ती चैन नाही, शरीराची गरज आहे.
- शेवटून दुसऱ्या बैठकीतला अर्धा तास कोरा सोडा. काय राहिलं ते तेव्हाच कळतं.

आणि हजेरी. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक रीत होती : जास्त पैशांचं काम मिळालं की वादक तालमीला किंवा थेट कार्यक्रमालाही बदली माणूस पाठवत. तालमीला एक चेहरा, मंचावर दुसरा. १९०४मध्ये क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात कंडक्टर हेन्री वुड आणि व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांनी ही बदली बंद केली. तेव्हा चाळीसेक वादक बाहेर पडले आणि त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. वादकांची बाजूही समजून घ्यायला हवी. तुटपुंज्या, अनिश्चित कमाईवर जगणारा माणूस चांगलं काम सोडणार कसा? लंडनमध्ये पूर्णवेळ करारांवर वाद्यवृंद उभा राहिला तो १९३०मध्ये, बीबीसीचा. तुम्हाला बदली नको असेल, तर तालमीच्या तारखा तीन महिने आधी कळवा आणि तालमीचे पैसे स्वतंत्र द्या. ‘तालीम सक्तीची’ असं नुसतं करारात लिहून माणसं येत नाहीत.

हॉल

वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहाचा घुमारा मोजण्यासाठी रात्रीच्या शांततेत दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. किती गाद्या ठेवल्या की आवाज किती लवकर विरतो, हे तो मोजत गेला. त्या अभ्यासावर आधारलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९००मध्ये उघडला आणि ध्वनिशास्त्राचा हिशेब मांडून बांधलेला तो पहिला कॉन्सर्ट हॉल मानला जातो. सिंफनीसाठी १.८ ते २.२ सेकंदांचा घुमारा चांगला, चेंबर संगीताला त्याहून कमी.

तुमच्याकडे उपकरणं नसली तरी कान आहेत. मंचावर एकाला व्हायोलिन, दुसऱ्याला चेलो वाजवायला सांगा आणि स्वतः मागच्या रांगेत, बाल्कनीखाली, कडेला बसून ऐका. गाद्यांचं काम प्रेक्षकांचे कपडे करतात, त्यामुळे रिकामा हॉल भरल्यावर कोरडा होतो. तालमीत पितळी वाद्यं जराशी जड वाटली तर घाईने दाबू नका. वातानुकूलन चालू आणि बंद, दोन्ही स्थितींत दोन मिनिटं गप्प उभे राहा. दिव्यांची गुणगुण तेव्हाच ऐकू येते.

मग व्यवहाराचे प्रश्न विचारा. मागच्या दारातून टिंपनी जाते का? मंचावर किती खुर्च्या मावतात, गज मोकळा फिरेल एवढी जागा सोडून? पियानो हॉलचा की भाड्याने? मोठा कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ अर्ध्या टनाचा असतो. हलवल्यावर त्याला हवेशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो. सूर लावणारा तालमीआधी एकदा, कार्यक्रमाआधी पुन्हा आणि गरज पडल्यास मध्यंतरात तिसऱ्यांदा हवा. ए स्वर ४४० हर्ट्झचा की ४४२चा, हे आधीच ठरवून सगळ्यांना कळवा, कारण वाद्यवृंदाला पियानोच्या मागे जावं लागतं, पियानो ऐनवेळी बदलत नाही. मंचावर उकाडा वाढला की फुंकवाद्यांचा सूर चढतो, म्हणून तालमीतही तापमान कार्यक्रमासारखंच ठेवायला सांगा.

आणि भाड्याच्या करारात रंगीत तालमीचे तास लिहून घ्या. फक्त संध्याकाळचा हॉल घेऊन पैसे वाचवणारे आयोजक पहिला अर्धा भाग प्रेक्षकांसमोर तालीम म्हणून वाजवतात.

करार

१८५०मध्ये पी. टी. बार्नमने गायिका जेनी लिंडला अमेरिकेत आणलं. रात्रीला १००० डॉलर, १५० रात्री, आणि सगळ्या कराराची एक लाख ८७ हजार ५०० डॉलरची रक्कम तिने निघण्यापूर्वीच बँकेत जमा. करारातून बाहेर पडण्याची वाटही तिच्यासाठी लिहिलेली होती आणि १८५१मध्ये तिने ती वापरली. एवढ्या प्रसिद्धीच्या वादळात दोघांचं फारसं बिनसलं नाही, ते कलमं स्पष्ट होती म्हणून.

तुमच्या करारातही हे असू द्या : फी आणि ती कधी द्यायची, तालमींच्या तारखा, प्रवास व निवास, ऐनवेळी रद्द झाल्यास कुणी किती सोसायचं, रेकॉर्डिंग व प्रक्षेपण. मार्च २०२०मध्ये जगभरचे हॉल एकाएकी बंद झाले तेव्हा ‘आवाक्याबाहेरची कारणं’ हे कलम अनेकांनी पहिल्यांदा नीट वाचलं. परदेशातून वादक येणार असतील तर वाद्यांची कागदपत्रंही पाहा. जुन्या गजांत हस्तिदंत असू शकतो आणि वन्यजीव व्यापाराच्या नियमांमुळे सीमेवर ते अडवले जातात.

एजंटशी बोलताना एक दक्षता घ्या. आर्थर जडसन कित्येक वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा व्यवस्थापक होता आणि त्याच काळात कलावंतांना कामं मिळवून देणाऱ्या मोठ्या एजन्सीचाही सूत्रधार. विकणारा आणि विकत घेणारा एकच. तुमच्या समितीत असं कुणी असेल, तर निवडीच्या बैठकीतून त्याने बाहेर बसावं.

लोकांपर्यंत पोचणं

हा भाग थोडक्यात सांगतो. १८९५मध्ये न्यूमन आणि वुड यांनी प्रॉम्स सुरू केल्या त्या एका शिलिंगात उभ्याने ऐकण्याच्या जागा ठेवून, आणि आजही तिथे उभ्याची तिकिटं असतात. स्वस्त जागा मागच्या कोपऱ्यात टाकू नका, जिथे चांगलं ऐकू येतं तिथे थोड्या तरी ठेवा. जाहिरातीत रचनेबद्दल खरं तेच लिहा. माहलरच्या आठव्या सिंफनीला १९१०मध्ये आयोजक एमिल गुटमानने ‘हजारांची सिंफनी’ हे नाव चिकटवलं. तिकिटं संपली, पण माहलरला ते नाव कधीच आवडलं नाही, आणि ते अजून सुटलेलं नाही. टिपणपुस्तिका द्या. लंडनमध्ये जॉन एलाने १८४५पासून श्रोत्यांना रचनेची टिपणं छापून दिली होती. एका रचनेला एक पान पुरे, कधी काय ऐकायचं हे सांगणारं.

कार्यक्रमाचा दिवस

मंच-व्यवस्थापकाच्या हातात एकच कागद असावा : वेळ, काम, माणूस. खुर्च्या आणि स्टँड प्रत्येक रचनेसाठी वेगळे मोजलेले. पियानो ओव्हर्चरनंतर आणायचा असेल तर पहिल्या व्हायोलिनच्या किती खुर्च्या हलतात, हे आदल्या दिवशी करून पाहिलेलं. ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या अगदी पुढे बसणाऱ्यांच्या कानांचा विचार करा. आठ तासांच्या सरासरीने ८५ डेसिबल ही युरोपातल्या कामाच्या ठिकाणांसाठी कारवाईची पातळी आहे आणि २००८पासून ती वाद्यवृंदांनाही लागू आहे. मागच्या रांगा उंचावर घ्या, अंतर वाढवा, कानबोळे ठेवा. उशिरा येणाऱ्यांना कुठल्या क्षणी आत सोडायचं हे दारावरच्या माणसाला स्कोअर पाहूनच सांगा. प्रत्येक पार्टची एक जादा प्रत, तारा, पेन्सिली आणि एक जादा बॅटन (कंडक्टरची काठी) मंचामागे असावी. रंगीत तालीम आणि कार्यक्रम यांच्यात किमान तीन तास मोकळे सोडा.

नंतर

वादकांचे पैसे त्याच रात्री, नाहीतर ठरलेल्या तारखेला. वाजवलेल्या रचनांची यादी वसुली संस्थेला. भाड्याचे पार्ट्स मोजून, खुणा पुसून, मुदतीत परत. त्याआधी गजाच्या खुणांची नोंद वहीत उतरवून ठेवा, आणि शक्य असेल तर पार्ट्स स्वतःच्या मालकीचे घ्या. सगळ्यांत शेवटी ग्रंथपाल, कॉन्सर्टमास्टर आणि तुम्ही अर्धा तास बसा. वेळापत्रकात प्रत्येक रचनेला किती मिनिटं दिली होती आणि प्रत्यक्षात किती लागली, हे शेजारी शेजारी लिहा. पुढच्या कॉन्सर्टचं अंदाजपत्रक त्या दुसऱ्या रकान्यावरून करायचं आहे.